भरल्या ओटीची होडी

थांबा, पाय जपून टाका. बोलतेय ती मीच, तुमच्या पायाखालची होडी. जॉर्जियातल्या या तांबूस नदीच्या मधोमध एक बेट आहे. पाखरांसाठी, कासवांसाठी राखून ठेवलेलं. पूल नाही, त्यामुळे तिथे जायचं तर माझ्याशिवाय गत्यंतर नाही. एवढा तोरा मी मिरवणारच!

माझा जन्म अलाबामातल्या एका पत्र्याच्या शेडमधला. अंग ॲल्युमिनियमचं, बूड सपाट. बारसं कसलं नि काय! पाठीवर एक नंबर रंगवला आणि दिलं पाण्यात सोडून. माझा नावाडी वेंडेल माणूस भला, पण बोलण्यात महाकंजूष. माणसांची मात्र मला गंमत वाटते. काठावर नको नको म्हणत घुटमळणारेच परतताना उतरायला तयार नसतात.

शहाऐंशी सालच्या वसंतात अटलांटाहून एक मराठी कुटुंब आलं. डॉक्टर पद्मिनीबाई, त्यांची सून उत्तरा आणि नात रुपाली. बेटावरचे बगळे जोडीने बघायचे, असं बाईंचं आणि त्यांच्या यजमानांचं, एकनाथरावांचं, फार दिवसांचं ठरलेलं. पण एकनाथराव आदल्या वर्षी गेले.

उत्तराने पिशवीतून हळदकुंकू, खण, तांदूळ, नारळ काढला. नवी नदी ओलांडायची तर आधी तिची ओटी भरायची, ही त्यांच्या घरची रीत. ते बघताच पद्मिनीबाई मागे सरल्या. उत्तरा पाण्याकडे वाकली, तोच वेंडेल ओरडला, "मॅम, नो! नथिंग गोज इन द रिव्हर!"

उत्तरा ओशाळली. "सॉरी! आई, आता काय? कॅन्सल करू या?"

"अगं, मग होडीची भर. पार तीच नेणार आहे ना?" बाई लांबूनच म्हणाल्या. "तुम्ही जाऊन या. मी कारमध्ये बसते."

"आणि बगळे?"

"हे गेले, आता ओटीच्या वेळी मी समोर नको गं."

उत्तराचा पारा चढला. "आई, या देशात शेकडो बाळंतपणं केलीत तुम्ही. बाबा गेल्यावरही जन्मणाऱ्या मुलांना पहिले हात तुमचेच लागतात, ते चालतं ना? ओटी तुम्हीच भरायची. नाहीतर मीही होडीत पाय ठेवणार नाही."

"आजी, कम ऑन!" रुपालीने नारळ पुढे केला.

माझा जीव टांगणीला लागला. बाईंनी नारळ हातात घेतला. मग पदर खोचून ताडताड पुढे आल्या, माझ्या टोकाला हळदकुंकू लावलं, खण, तांदूळ, नारळ ठेवून माझी ओटी भरली. वेंडेलने टोपी काढली. इतकी वर्षं माणसं पार नेली, पण माझा मान कोणी केला तो त्या दिवशी! मी हरखून गेले.

बाई अगदी पुढच्या फळीवर बसल्या. आम्ही बेटाजवळ पोचलो आणि झाडांवरून पांढरे बगळे थव्याने उठले. बाई ताडकन उभ्या राहिल्या नि आभाळाकडे बघत ओरडल्या, "अहो, बघितलंत का!"

परत आल्यावर काठावर नारळ फोडला. वेंडेलने खोबरं मागून मागून खाल्लं.

पुढे कुंकू पाण्याने गेलं. तेव्हा वेंडेलने कुणालाही न विचारता तिथे लाल रंगाचा टिळा काढला. आता मी जुनी झालेय, पण दर वसंतात तो टिळा नवा होतो.

चला, बसा आता. पुढची फळी रिकामी दिसते ना? तुमच्यात कोणी मागे मागे राहत असेल, तर आधी त्याला तिथे बसवा. मग निघू.