सोललेल्या बॅटऱ्या

“अहो, लाल उजव्या कानाला! लाल! ते निळं डाव्याचं आहे!”

मी ओरडत होते आणि हे आरशासमोर उभे राहून निळ्या खुणेचं मशीन उजव्या कानात कोंबत होते. मशीन कानात बसेपर्यंत यांना ऐकू येत नाही आणि ओरडल्याशिवाय मला राहवत नाही, अशी आमच्याकडची रोजची सकाळ. शेवटी मीच पुढे झाले. त्यांच्या हातातून मशीन काढून घेतलं, कानाच्या मापाचा तो साचा हलकेच फिरवत आत बसवला, नळी सरळ केली, मशीन कानामागे अडकवलं. साचा जरा तिरका बसला की मशीन शिट्टी मारतं. आज दोन्ही कान शिट्ट्या मारत होते. घाईत साचे मीच तिरके बसवले होते, त्याला ते बिचारे काय करणार!

थोरल्या दिरांच्या मुलाचा, आमच्या पुतण्याचा फोन आला होता. “काकू, बाबांनी काकांना बोलावलंय. काहीतरी सांगायचंय म्हणतात. आवाज पार गेलाय त्यांचा. जागे असे थोडाच वेळ असतात. दुपारपर्यंत पोचाल ना?”

फोन ठेवला तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागली होती. हे मात्र शांतपणे शर्टाची बटणं लावत होते. पण वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं, तेव्हा शांत कसले!

“एक लक्षात ठेवा,” मी त्यांच्या तोंडासमोर उभी राहून म्हणाले. “आज उगाच हो म्हणायचं नाही.”

“हो.”

“अहो, हेच ते!”

“हे ऐकलं मी,” ते चिडून म्हणाले. “ऐकून हो म्हटलं.”

यांचा हा ‘हो’ म्हणजे आमच्या गल्लीत थट्टेचा विषय आहे. समोरचा काय बोलला ते कळलं नाही, की पुन्हा पुन्हा विचारायची लाज वाटते, मग मान हलवून हो म्हणून मोकळे होतात. गल्लीतली माणसं यांना होबा म्हणतात. या ‘हो’पायी आमच्या घरी नको असलेली मांजराची पिल्लं आलेली आहेत. एकदा तर कुणीतरी सरळ आमच्या भिंतीला रंग लावून गेलं होतं. तिथपर्यंत मी हसले. पण थोरल्या दिरांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी स्वतः फोन केला. “भीती वाटतेय रे, येशील ना?” असं विचारलं. आणि यांनी पलीकडची नुसती खरखर ऐकून “हो, हो” म्हटलं, फोन ठेवला आणि मला म्हणाले, दादा सहज बोलत होता. भाऊजी तिकडे ऑपरेशनला आत जाईपर्यंत दाराकडे डोळे लावून होते. हे आम्हाला कळलं ते फार उशिरा, तेही तिसऱ्याकडून. मग यांनी किती फोन केले, पण भाऊजींनी घेतले नाहीत. एकाच ताटात जेवून मोठे झालेले भाऊ! त्या धक्क्याने हे मशीनला तयार झाले. तोवर “मी काय म्हातारा झालोय?” हेच पालुपद होतं.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मी यांच्याकडे पाहिलं. ओठ हलत होते.

“काय पुटपुटताय?”

“काय बोलायचं ते ठरवतोय. आधी सांगतो, दादा, त्या दिवशी ऐकूच आलं नव्हतं. मग तो काय बोलेल ते ऐकायचं. नीट. शब्द न् शब्द.” मग म्हणाले, “आज चुकलं तर पुन्हा विचारायला तो असेल का गं?”

मी त्यांचा हात धरला.

बस गावाबाहेर पडली आणि हे एकदम ताठ झाले. “वाजलं.”

“काय?”

“मशीन. टुंग टुंग झालं. बॅटरी संपत आलीय.” जरा वेळाने दुसरा कान. “हेही वाजलं.”

“मी काल म्हणत होते बदला म्हणून!”

“शेवटपर्यंत वापरायची असते. आणि आहेत की जादाच्या.” त्यांनी खिशातून औषधाच्या गोळ्यांची एक चपटी डबी काढली. झाकण उघडून अभिमानाने माझ्यापुढे धरली. आत कापसावर बॅटऱ्या ओळीने मांडल्या होत्या, चकचकीत. कशा सुबक मांडल्या होत्या! मी एक उचलून उलटसुलट पाहिली.

“यांचे स्टिकर कुठे आहेत?”

“काढून ठेवलेत. माझी बोटं ही अशी जाड. ऐन वेळी तो चिटुरका स्टिकर निघत नाही, बॅटरी खाली पडते. कारखान्यात कसं, सुताच्या भरलेल्या कांड्या हाताशी तयार ठेवायच्या. एक संपली की दुसरी. माग थांबत नाही.”

“कधी काढलेत?”

“हे प्रवासासाठीचं जादा पाकीट आणलं तेव्हाच.”

म्हणजे महिने झाले होते. मी कपाळावर हात मारून घेतला. या बॅटऱ्या हवेवर चालतात. स्टिकर निघाला की बॅटरी जागी होते, मग मशीनमध्ये घाला नाहीतर डबीत ठेवा, ती संपतच जाते. कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. झोपताना मशीनचं बॅटरीचं दार उघडं ठेवा, दमटपणा शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत मशीन ठेवा, साचा मशीनपासून वेगळा करून कोमट पाण्याने धुवा, नळीत पाण्याचा थेंब राहू देऊ नका, कानात तेल घालू नका, आणि स्टिकर बॅटरी घालतानाच काढा.

“बाई एवढं सांगत होत्या, तुम्ही मान डोलावत होतात!”

“कधी?”

“पहिल्या दिवशी. त्यांच्या टेबलाशी.”

हे विचारात पडले. मग हळूच म्हणाले, “तेव्हा मशीन बाईंच्या हातात होतं गं. त्या दाखवत होत्या ना.”

हसावं की रडावं कळेना. कानाच्या मशीनची निगा कशी राखायची हे त्या बाईंनी मशीन काढून ठेवलेल्या बहिऱ्या माणसाला सांगितलं, त्याने हो हो म्हटलं, आणि शेजारी बसलेल्या मला वाटलं यांना सगळं समजलं. निगा मीच राखते म्हणून आजवर निभावलं. ही डबी तेवढी यांनी स्वतःच्या डोक्याने केली होती.

बसमध्येच आम्ही डबीतली एकेक बॅटरी घालून पाहिली. धक्के बसत होते, बॅटरी बोटातून निसटत होती. एकीवर उजवं मशीन चालू झालं, टुंग टुंग वाजलं आणि गेलं. बाकीच्या तर तेवढ्याही नाहीत. जुन्या परत घातल्या, त्याही थोड्याच वेळात संपल्या. उतरायच्या आत दोन्ही कान गपगार. मग डोक्यात राख घालून मी यांना जे जे म्हणून बोलले, ते सगळ्या बसने ऐकलं, फक्त यांनी नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे, आणि मग माझंच मला वाईट वाटलं.

दार जाऊबाईंनी उघडलं. “या वेळी आलात म्हणायचं,” एवढंच बोलल्या. यांनी ते ऐकलं नाही, ते बरंच झालं. पण चप्पल काढता काढता यांनी सवयीने मान हलवली आणि म्हणाले, “हो.” जाऊबाईंचा चेहरा आणखीच आक्रसला.

भाऊजी झोपले होते. “उठतील इतक्यात,” पुतण्या म्हणाला. मी पिशवी टाकली आणि तशीच बाहेर पळाले. औषधाच्या दुकानात बॅटऱ्या नव्हत्या. “मागवाव्या लागतील, उद्या मिळतील,” म्हणाला. उद्या! पुढे घड्याळवाला होता. त्याने ड्रॉवर उघडून बॅटऱ्यांचा ढीग दाखवला. मी एकेक उचलून पाहिली.

“कानाच्या हव्यात हो.”

“आजी, या घड्याळाच्या. गोल सगळ्याच असतात, पण त्या वेगळ्या.”

“चालतात का बघा ना!”

“चालत नाहीत,” तो म्हणाला, आणि माझा चेहरा बघून त्याने स्टूल पुढे केलं. बसायला कुणाला वेळ होता! मी आले त्याच्या दुप्पट वेगाने परत निघाले. वाटेत ठरवलं, की आपणच ऐकायचं. भाऊजींच्या तोंडाशी कान न्यायचा, आणि काय बोलले ते यांना पाटीवर, हातावर, कशावरही लिहून दाखवायचं.

पोचले तेव्हा भाऊजी जागे होते. उशांना टेकून बसवलं होतं. माणूस किती थोडा उरला होता! यांना बघून त्यांचे ओठ हलले. मी पुढे होऊन वाकले. नुसती वाफ. माझे कान चांगले टवकारलेले, तरी एक अक्षर कळेना. जाऊबाई म्हणाल्या, “आम्हालाही आता कळत नाही. काल रात्रीपर्यंत थोडं कळायचं.”

“दादा,” हे मोठ्याने बोलू लागले, आवाजाचा अंदाज नसल्यामुळे फारच मोठ्याने. “त्या दिवशी मला ऐकूच...” पुढे बोलवेना. भाऊजी बोलू शकेनात, हे ऐकू शकेनात, आणि मी मध्ये दोन्ही धडधाकट कान घेऊन हात चोळत उभी. जीव नुसता तळमळत होता.

भाऊजींनी चादरीवरचा हात उचलला. स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि पंजा उलटा केला. कानात हे काय, असं विचारत असावेत.

यांनी दोन्ही मशीन काढून तळहातावर घेऊन दाखवली, मान हलवली आणि अंगठा खाली केला. भाऊजींचे खांदे हलू लागले. मी घाबरले, धाप लागली की काय! पण ते हसत होते. हेही हसू लागले. मग भाऊजींनी चिमटीने हवेत दोरा ओढून तोडल्यासारखं केलं. यांनी पटकन तळहातावर बोट घासलं. त्यांनी मूठ फिरवली. यांनी कपाळाला हात लावून बाजूला झटकला.

मी बघतच राहिले. यंत्रमागांच्या खडखडाटात दोघांनी उभी हयात शेजारी शेजारी काढली, तिथे कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे, हे मला लग्नापासून माहीत होतं. पण मग ही माणसं दिवसभर एकमेकांशी बोलत कशी असतील, हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. घरी यांनी कधी असे हात केले नाहीत. घरी कशाला करतील, तिथे मी होते ना बडबडायला!

“काय म्हणताहेत? अहो, काय चाललंय?” मी यांचा दंड हलवला.

दोघांनी एकदमच माझ्याकडे पंजा केला, थांब म्हणून. तेवढं मला कळलं. त्या खोलीत बहिरी मीच होते.

बराच वेळ हात चालले होते. भाऊजींचे हळू, मध्येच चादरीवर पडून राहणारे, यांचे घाईघाईने. एकदा यांनी डोळे पुसले, पुन्हा बोलू लागले, म्हणजे हातांनीच. जाऊबाई दाराच्या चौकटीला टेकून बघत होत्या. शेवटी भाऊजींनी स्वतःच्या छातीला हात लावला, दोन बोटं चादरीवरून चालवली, अशी दाराकडे, आणि मग तो हात वळवून आपल्या बाजूला ठेवला. यांचे हात थांबले. एवढा वेळ ते लगेच उत्तर देत होते. या वेळी नाही. मग त्यांनी पंजा वर केला आणि सावकाश खाली आणला. भाऊजींनी डोळे मिटले आणि त्यांना झोप लागली.

मी यांना खिडकीशी ओढलं आणि हातानेच विचारलं, काय?

“ऑपरेशनचं विचारलं त्याने,” हे कुजबुजले, म्हणजे त्यांना वाटत होतं ते कुजबुजताहेत. “मी म्हटलं, ऐकूच आलं नव्हतं. तो म्हणाला, नंतर मला वाटलंच होतं. पण फोन घेतला तर रडू येईल म्हणून घेत नव्हता. वेडा आहे दादा.” त्यांचा आवाज घरभर झाला. दारात जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला.

मी दोन बोटं चालवून दाखवली. आणि हे?

त्यांनी पलंगाकडे पाहिलं.

“कारखान्यात कुणाला जरा बाहेर जायचं असलं, की शेजारच्याला ही खूण करायची. मी जातो, माझा माग बघ. मग शेजारच्याने दोन्ही मागांवर उभ्याने नजर ठेवायची.”

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारून टाकलं. यांनी ऐकलं नसणार, ओठांवरून कळलं असावं.

“काय म्हणणार? जा म्हटलं. बघतो.”

पुतण्याने आतून खुर्ची आणली आणि पलंगाशी ठेवली. यांनी ती बाजूला सरकवली. मी म्हटलं, बसा जरा, सकाळपासून पाठ टेकली नाही. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. हात पाठीशी बांधून ते पलंगाजवळ उभे राहिले. भाऊजींच्या छातीवरची चादर वर जात होती, खाली येत होती, आणि यांचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते. जाऊबाईंनी दोनदा चहा आणला. दोन्ही वेळा यांनी तो उभ्यानेच घेतला.