तांबडीचा निळा धूर

मित्रांनो, मी जुनी आहे हे मी कधीच नाकारले नाही. माझा तांबडा रंग उन्हाने विटला आहे, डावा दरवाजा गुडघा मारल्याशिवाय लागत नाही आणि मागच्या सीटला भाजक्या मिरच्यांचा वास कायमचा चिकटला आहे. पण जुने असणे वेगळे आणि मरायला टेकणे वेगळे. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर हा फरक माझ्या घरच्यांना कळेनासा झाला होता. मला सगळे कळत होते, पण बोलता येत नव्हते. ते दिवस आठवले की मी आजही बेचैन होते.

सर्बियातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा माझ्यासारख्या छोट्या गाडीसाठीही लोक नाव नोंदवून वाट बघत बसायचे. मिलुतिनने मला घरी आणले तेव्हा त्याचे केस काळेभोर होते. निश शहराच्या वरच्या डोंगरात आमचे गाव आहे. त्या दिवशी सारी आळी मला बघायला जमली. मिलुतिनच्या बायकोने, देसांकाने, माझ्या वाटेवर शुभ म्हणून पाणी ओतले आणि शेजारच्या स्तोयादिनने माझ्या नावाने राकियाचा, म्हणजे फळांच्या घरगुती दारूचा, प्याला एका दमात रिकामा केला. सगळ्यांनी माझे नाव तांबडी ठेवले.

मी काय काय वाहिले म्हणून सांगू! मिरच्यांची पोती, द्राक्षांच्या पाट्या, नवरी, आणि एकदा तर जिवंत डुक्कर. त्यांची एकुलती एक मुलगी स्नेझाना माझ्या मागच्या सीटवरच जन्मायची, पण दवाखान्याचे फाटक अगदी वेळेवर आले. पुढे गाडी चालवायलाही ती माझ्यावरच शिकली आणि आज निशमध्ये शहराची मोठी बस चालवते. हे मी जरा मिरवूनच सांगते.

मग म्हातारपण आले. सकाळी चालू होताना माझ्या सायलेन्सरमधून निळ्या धुराचा एक छोटा लोट निघू लागला. माझ्या व्हॉल्व्हची रबरी सीलं कडक झाली होती; रात्रभरात त्यांच्यातून थेंबभर तेल खाली झिरपायचे आणि सकाळी जळून जायचे. म्हातारा माणूस उठल्यावर खोकतो, तेवढेच ते. जरा वेळाने मी पुन्हा स्वच्छ चालायची.

मिलुतिनने मात्र तो धूर पाहिला आणि त्याच्या काळजात धस्स झाले. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, हे त्याला माहीत होते आणि ते खरेच होते. जळतंय म्हणजे आत तेल उरलेच नसणार, हे मात्र त्याने मनानेच ठरवले. आमच्याकडे पाहुण्याचा प्याला रिकामा व्हायच्या आत भरतात, आणि भरताना कुणी मोजत बसत नाही. त्याने माझी तेल मोजायची पट्टी बाहेर काढून पाहिलीसुद्धा नाही. "पी बाई, पी. दमलीस तू," असे म्हणत त्याने बॉनेट उघडले आणि तेल ओतले.

एवढ्यावर भागले असते तर मी तक्रार केली नसती. पण देसांकाला नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघवेना. कोंबड्यांना दाणे टाकायला येई तेव्हा तीही गुपचूप थोडे तेल ओतून जाई. स्तोयादिन कुंपणापलीकडून उंटावरून शेळ्या हाकत होताच. "पिस्टनच्या रिंगा गेल्या हिच्या! इंजिन उतरवा!" असे दिवसभर ओरडायचा, आणि मिलुतिन दुपारचा झोपला की हळूच येऊन माझ्या पोटात आपल्या डब्यातले तेल घालायचा. "बोलू नकोस हां कुणाला," असे मलाच बजावायचा. मी कुणाला बोलणार होते?

मित्रांनो, माझे हाल ऐका. माझ्या पोटात एक दांडा गरगर फिरत असतो. तेलाची पातळी इतकी चढली की तो तेलात आपटू लागला. ताक घुसळावे तसे तेल फेसाळले, वरच्या नळीतून हवा गाळणाऱ्या जाळीत शिरले आणि तिथून आत येऊन पेट्रोलबरोबर जळू लागले. आता मी सकाळीच काय, दिवसभर निळा धूर ओकू लागले. धूर वाढला म्हणून ते आणखी तेल ओतत आणि तेल वाढले म्हणून मी आणखी धूर सोडी. थांबा, अगदी थांबा, असे मी प्रत्येक वळणावर ओरडत होते. त्यांना त्यात फक्त खडखड ऐकू येत होती.

त्यात माझ्या वार्षिक सरकारी तपासणीचा सोमवार जवळ आला; तिच्यात नापास झालेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्याच्या आधीच्या शनिवारी स्नेझाना आणि तिचा नवरा नेबोयशा मिरच्या भाजायला गावी आले. भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलून हिवाळ्यासाठीची लाल चटणी करायचे ते दिवस. घरोघरी अंगणात चुली पेटलेल्या. सगळ्या गावाचा धूर पांढरा होता. माझा तेवढा निळा.

"बाबा, हा धूर बघून तपासणीवाले फाटकातूनच परत पाठवतील," स्नेझाना म्हणाली. "मग कसं करणार? गावात ना बस, ना डॉक्टर. बर्फ पडायच्या आत तुम्ही दोघं निशला यायचं. ठरलं."

"कुणी ठरवलं?"

"मी."

"चौथ्या मजल्यावर बसून काय करू? कबुतरं हाकू?"

"लिफ्ट आहे की, बाबा," नेबोयशा म्हणाला. "आणि ही गाडी आता भंगारातच घाला. किती जीव लावायचा लोखंडाला!"

"लिफ्ट चालते का?"

"कधी कधी."

"रिंगा!" कुंपणावरून आवाज आला. "मी उन्हाळ्यापासून सांगतोय, रिंगा!"

"स्तोयादिन, तिथून ओरडण्यापेक्षा इकडे ये आणि मिरच्या सोल," देसांका म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. ती म्हणाली, मिरच्यांमुळे.

मिलुतिनने माझ्या टपावर हात ठेवला आणि तो काढेना. मी गेले तर त्याचे घरही जाणार होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

स्नेझानाने तो हात पाहिला. मग मिरची खाली ठेवून तिने किल्ली मागितली. "बसमध्येसुद्धा माणसाला उतरवण्याआधी तिकीट विचारतात. चला बाबा, एक फेरी मारू. धूर नक्की कधी येतो, ते तरी बघते."

तिने मला चढाला घातले. धूर आला, पण मी जोरात ओढले. उतारावर तिने पाय सोडला, धूर आला. वर उभे करून इंजिन नुसते चालू ठेवले, तरी धूर आलाच. ती आरशात बघत विचार करू लागली.

"रिंगा गेल्या असत्या तर चढाला हिचा दम निघाला असता. नुसती सीलं गेली असती तर धूर सकाळी आला असता, नाहीतर उतारानंतर. ही तर उभ्या उभ्या ओकतेय. बाबा, तेल किती पिते?"

"खूप."

"खूप म्हणजे? पट्टीवर किती उतरतं?"

मिलुतिन खिडकीबाहेर बघू लागला. माझी तर धडधड थांबेना. विचार पोरी, आणखी विचार!

घरी येऊन तिने मला सपाट जागेवर उभे केले, इंजिन बंद केले आणि तेल खाली बसू दिले. मग पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. पट्टीवर दोन रेघा असतात. तेल वरच्या रेघेच्याही कितीतरी वर होते. तिने हवेच्या जाळीचे झाकण उघडले, तर जाळी तेलाने निथळत होती.

"हिला तेल कमी नाही, जास्त झालंय! बुडतेय ती. कुणी ओतलं एवढं?"

देसांकाने आणि अंगणात आलेल्या स्तोयादिनने घाईघाईने मिरच्या सोलायला घेतल्या.

"मी ओतलं," शेवटी मिलुतिन म्हणाला. "थोडं थोडं."

"मीपण," देसांका पुटपुटली. "तुमच्याकडे बघवेना मला."

"माझ्याकडचं तर चांगल्यापैकी होतं," स्तोयादिन म्हणाला.

स्नेझानाने कपाळावर हात मारला. तेवढ्यात नेबोयशा खाकरला. त्याच्या हातात अर्धी सोललेली मिरची होती. "मीसुद्धा. दरवेळी निघताना."

"तू? तूच तर म्हणत होतास भंगारात घाला!"

"म्हणत होतो," तो खाली बघत म्हणाला. "पण बाबा फाटकात उभे राहतात ना हिच्याशेजारी..."

"अति तिथं माती!" देसांका म्हणाली, आणि मग तिलाच इतके हसू आले की ती चुलीपाशी खाली बसली.

खालचा बोल्ट सैल करून जास्तीचे तेल काढले. बरण्या भरत गेल्या. "नव्या नको, त्या चटणीसाठी आहेत!" असे देसांका ओरडत होती. स्तोयादिनने आपल्या पडवीतून नवी जाळी आणून दिली आणि स्नेझानाने नळी आतून पुसून घेतली. संध्याकाळपर्यंत माझा श्वास मोकळा झाला. दुसऱ्या सकाळी चालू होताना पुन्हा तोच छोटा निळा लोट आला आणि विरून गेला.

"ही सीलं," स्नेझाना म्हणाली. "ती बदलता येतात."

मग ती कॉफीचा कप घेऊन वडिलांशेजारी पायरीवर बसली.

"बाबा, तुम्हाला निशला यायचंय का?"

"हे तू आज पहिल्यांदा विचारतेस."

"हो. चुकलंच."

"नाही यायचं."

"मग इथं राहायला काय काय लागेल?"

मिलुतिनने बोटांवर मोजले. "सरपण. आणि पट्टीवरची रेघ दिसेल असा चष्मा."

सोमवारी मी तपासणीत पास झाले. मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी जुने असेल. गाडी असेल, झाड असेल, नाहीतर माणूस असेल. त्याच्यावर माया करा, पण ओतण्याआधी एकदा पट्टी काढून बघा. आम्हाला काय कमी आहे आणि काय पुरेसे आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आता दर शनिवारी मिलुतिन नवा चष्मा लावून येतो, पट्टी काढतो, पुसतो, बघतो आणि परत घालतो. "पुरे आहे गं तुला," तो म्हणतो. मग आम्ही दोघे पाव आणायला डोंगर उतरतो.