जुनं पीस

"ताई, एवढंच सांगा, आमचे राजे पास की नापास?"

प्रयोगशाळेत बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. फोनवर मामा होते, जखमी पक्ष्यांच्या केंद्रातले रखवालदार. राजे म्हणजे त्यांनी सांभाळलेलं घुबड. एका पक्षीविक्याच्या खोक्यातून सोडवलेलं, आणि बरं झालं की रानात सोडायचं असं ठरलेलं.

"मामा, अहवाल कालच तुमच्या संचालक साहेबांकडे गेलाय."

"साहेब म्हणाले, तुमच्या पिंजऱ्यात घुबड झुरतंय. सोमवारी गाडी येणार, प्राणिसंग्रहालयात नेणार. म्हणजे जन्मभर काचेमागे. पण ताई, राजे खातात चांगले, पंख ताणतात, दिवसभर झोपा काढतात जावयासारखे. झुरणारा असा झोपतो का?"

"आकडा बरोबर आहे, मामा. मी दोनदा तपासलाय."

"तुमच्या आकड्याला मी कुठं नावं ठेवतोय?" म्हणत त्यांनी फोन ठेवला.

बाईंचं सगळं आयुष्य या कामात गेलं होतं. पीस बारीक कातरायचं, मिथेनॉलमध्ये भिजवायचं, अर्क सुकवायचा आणि त्यातलं ताणाचं हार्मोन मोजायचं. पक्षी भ्याला, उपाशी राहिला की ते रक्तात वाढतं. वाढत्या पिसात रक्त खेळत असतं, त्यामुळे ते पिसातही साठत जातं. पक्ष्याला सुई टोचावी लागत नाही.

केंद्राने पाठवलेल्या दोन पिसांपैकी एक शिल्लक होतं. त्यांनी ते चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात नेलं. कडा झिजलेल्या, टोक विटलेलं, मधोमध एक फिकट आडवी रेघ. पीस वाढताना उपासमार झाली की अशी रेघ पडते.

बाईंचे कान तापले. घुबड मामांकडे येऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते आणि हे पीस त्याच्या कितीतरी आधीचं होतं. पीस वाढून पुरं झालं की त्यातलं रक्त थांबतं, मूळ सुकतं. त्यानंतर त्यात काहीच उतरत नाही, ना भीती, ना सुख. त्यांनी मोजलं होतं ते त्या खोक्यातलं जिणं.

पीस कधी वाढलं, हा त्यांच्या कामातला पहिला प्रश्न. नेमका तोच विचारायचा राहिला होता.

संध्याकाळी सासूबाईंनी ताट वाढता वाढता विचारलं, "चेहरा का पडलाय?"

बाईंनी सगळं सांगितलं. "आई, आजवर मी एकही अहवाल मागे घेतलेला नाही हो."

"मी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. कधी उसवावं लागलं नाही असा आठवडा गेला नाही. उसवायची लाज वाटते ना, तिने सुई हातात धरूच नये. जेव आता."

सकाळी बाई केंद्राच्या संचालकांसमोर बसल्या.

"म्हणजे अहवाल चुकला?" साहेबांनी चष्मा काढला.

"आकडा बरोबर होता. मी तो चुकीच्या दिवसांच्या नावावर मांडला. आता एक पीस उपटून घेते. त्या जागी नवं येईल, ते मामांच्या पिंजऱ्यातलं असेल. दीड-दोन महिने थांबा."

"गाडी ठरलीय, मॅडम. एका पिसासाठी एवढं? उगाच पराचा कावळा करताय."

"कावळा मी परवाच केला, साहेब. आज त्याचा परत पर करतेय."

साहेबांना हसू आवरलं नाही. "आणि नवं पीसही वाईट निघालं तर?"

"तर गाडीला फोन मी स्वतः करीन."

मामांनी घुबडाला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. बाईंनी पाठीवरचं एक पीस झटक्यात ओढलं, तसं मामांनीच डोळे मिटले.

"दुखलं असेल ना त्यांना?"

"केस उपटल्याइतकं."

मामा टॉवेल सैल करत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "ताई, माझ्या हाताचाच त्यांना त्रास होत असेल, तर तसंच लिहा. म्हाताऱ्याला वाईट वाटेल म्हणून कमी लिहू नका."

"कमी नाही लिहिणार," बाई म्हणाल्या.

नवं पीस आलं ते गडद, नीट कडांचं. बाईंनी ते मोजलं, कातरलं, भिजवलं. यंत्रावरचे आकडे आले तेव्हा त्यांनी हिशेब स्वतः केला नाही. नमुना कुणाचा हे न सांगता शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीला करायला दिला. उत्तर आलं. जुन्या आकड्याच्या पावपटही नव्हतं.

त्यांनी नवा अहवाल लिहायला घेतला. पहिली ओळ होती : 'माझा मागील अहवाल रद्द समजावा.' सही करून तो साहेबांकडे पाठवला. थोड्या वेळाने साहेबांचं उत्तर आलं : गाडी नको, थंडी सरली की सोडू.

मग त्यांनी मामांना फोन लावला.

"मामा, राजे तुमच्याकडे सुखात आहेत. तिथूनच रानात जायचं त्यांनी."





"थांबा हं ताई," मामा म्हणाले, "आधी त्यांना सांगून येतो."

फोन तसाच कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. खडीवर चपला वाजत दूर गेल्या. एक कडी निघाली. मग मामांचं हळू आवाजातलं बोलणं, शब्द कळत नव्हते. बाई फोन कानाला धरून थांबून राहिल्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.