खोटं माप

"आई, इथं एक आणि इथं एक. दोनच सह्या."

मुलाने कागदावर बोट ठेवलं आणि टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. जसं काही टोपण काढायचं मला जमणार नव्हतं. मी पेन टेबलावर ठेवलं.

"सहा महिने म्हणाला होतास."

"हो, पण खालच्या घराला गिऱ्हाईक आत्ता मिळालंय. चांगला माणूस आहे, पण थांबणार नाही तो."

"सहा महिने राहून बघू, नाही आवडलं तर परत जाऊ, असं म्हणाला होतास. आत्ता कुठं चार झालेत."

"चार महिन्यांत कळत नाही का माणसाला?"

"कळलं ना! मला नाही आवडलं. जा, सांग जा तुझ्या चांगल्या माणसाला."

खिडकीपाशी बसून हे मटार सोलत होते. यांनी मान वर केली नाही. घरात वाजायला लागलं की यांना नेमकं काहीतरी सोलायचं असतं.

मुलाने लॅपटॉप उघडला. मला माहीत होतं आता काय निघणार ते. तक्ता! डोंगरातलं हे शहर राहायला किती चांगलं आणि आमचं खालचं किती वाईट, याला त्याने गुण देऊन ठेवले आहेत. हवा, पाणी, गोंगाट, दवाखाना, असे दहा रकाने. या शहराला शंभरापैकी अठ्ठ्याहत्तर, खालच्याला एकावन्न. माझा एकोणतीस वर्षांचा संसार काठावर पास!

"यात माझा रकाना कुठाय?" मी विचारलं.

"तुझा कसला रकाना?"

"माझा. मी दिवसभर काय करायचं, कुणाशी बोलायचं, याला किती गुण दिलेस?"

"आई, असं नसतं गं ते."

"मग कसं असतं?"

त्याने घड्याळ बघितलं, जाकीट चढवलं. "संध्याकाळपर्यंत सही करून ठेव. उद्या सकाळच्या टपालाने जायला हवा कागद." आणि गेला. पायऱ्यांवरून त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली. येणारच. एकशे बारा पायऱ्या आहेत.

माझं खालचं घर म्हणजे रस्त्याला लागून दोन खोल्या. पुढच्या खोलीच्या खिडकीत माझं शिलाई मशीन. लोक खिडकीतूनच कापड आत द्यायचे आणि खिडकीतूनच भांडायचे. समोरून जाणाऱ्या दर दहा माणसांत चौघांच्या अंगावर माझी टीप असायची. गल्लीच्या कोपऱ्यावर दुसरी एक शिवणारी होती, तिला सगळे फटाफट म्हणायचे, कारण कपडा ती दोन दिवसांत द्यायची आणि तो उसवायचाही दोन दिवसांत. आता माझी गिऱ्हाइकं तिच्या दारात उभी राहतात. दोनदा तिचा फोन आला, "ताई, तुमच्याकडची माणसं येतायत, काय करू?" मी तिला बजावलं, "येतेय मी. दोन महिने कळ काढ. हात लावू नकोस माझ्या माणसांना."

आणि इथं? पायऱ्यांच्या खाली पाटी लावली, 'कपडे शिवून मिळतील'. चार महिन्यांत तीन गिऱ्हाइकं. एकाच्या जाकिटाची चेन बदलली, दुसऱ्याच्या जाकिटाची चेन बदलली आणि तिसऱ्याचीही चेनच. इथं कुणी काही शिवत नाही. सगळे दुकानातून फुगीर जाकिटं आणतात आणि बारा महिने तीच घालून फिरतात. धुतलेलं वाळत नाही, ढग सरळ स्वयंपाकघरात येतो, बसतो, आणि सात वाजले की बाजार चिडीचूप. कोपऱ्यावरचा दुकानदार मला अजून विचारतो, "किती दिवसांसाठी आलात, बाई?" चार महिने रोज त्याच्याकडून ब्रेड घेते मी!

हे सगळं मी गुमान सोसलं असतं. आलो होतो ते यांच्या छातीसाठी. फरशीच्या कारखान्यात दगड कापायच्या यंत्रावर यांनी चौतीस वर्षं काढली, ती धूळ आत जाऊन बसली. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. यांना फरक पडला असता तर मी ब्र काढला नसता. रोज विचारते, "कसं वाटतंय?" रोज एकच उत्तर, "आहे तसंच." मग आहे तसंच राहायला माझं घर कशाला विकायचं?

"तुम्ही काहीतरी बोला ना," मी यांना म्हटलं.

"तू ठरव. मला दोन्हीकडे सारखंच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण यांच्याशी भांडता येत नाही, यांना लगेच खोकला येतो. म्हणून मी बरोबर आणलेल्या मशीनवर झाकलेलं कापड ओढलं. राग आला की मी शिवते, नाहीतर काहीतरी फोडलं असतं. ट्रंकेत करड्या कापडाचा एक तुकडा होता, यांच्या शर्टापुरता.

"उठा. माप द्या."

"अगं, वहीत आहे की."

"ते वर्षापूर्वीचं. उठा म्हणते ना!"

माझी मापांची वही लांबट, लाल पुठ्ठ्याची. एका माणसाला एक पान. यांच्या पानावर छातीची मापं जोडीने आहेत. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दाखवलं होतं: श्वास सोडून एकदा टेप लावायची, भरून एकदा. फरक जेवढा कमी, तेवढी छाती आखडलेली. तेव्हापासून दर शर्टाला मी दोन्ही लिहिते. पहिल्या शर्टाला एक इंच होता. मग पाऊण. गेल्या वर्षी अर्धा.

"सोडा श्वास." छत्तीस. "आता भरा."

टेप माझ्या बोटांमधून सरकली. सदतीस.

कापडी टेप जुनी झाली की ताणली जाते. मी लाकडी पट्टी काढली, तिच्यावर टेप लावून बघितली. बरोबर होती, मेली. पुन्हा सोडायला लावला, पुन्हा भरायला लावला. छत्तीस. सदतीस.

"काय झालं?" यांनी विचारलं. "किती आलं?"

"साडेछत्तीस," मी म्हणाले.

माझ्या तोंडून कसं निघालं, कुणास ठाऊक. तोंडाने मी सराईत खोटारडी आहे. 'उद्या नक्की देते' हे मी हजार वेळा तरी म्हटलं असेल.

"म्हणजे अर्धाच."

"अर्धाच."

"बघ, मी म्हणत होतो ना, आहे तसंच." आणि यांनी पुन्हा मटाराची शेंग उचलली.

झालं होतं माझं काम. संध्याकाळी मुलाच्या तोंडावर वही फेकायची, सांगायचं, बघ तुझ्या तक्त्यातले हवेचे नऊ गुण, आणि आवराआवर करायची. फक्त आकडा लिहायचा राहिला होता. मी पेन्सिल टेकवली आणि हात काही हलेना. साडे लिहायचं, छत्तीस लिहायचं, एवढंच तर होतं. पण या वहीत खोटं माप मी कधी लिहिलेलं नाही. कुणाला बरं वाटावं म्हणून नाही, कुणावर डूख धरून नाही. वहीत चुकलं की कापड चुकतं, आणि कापलेलं कापड परत जोडून मिळत नाही.

मी सदतीस लिहिलं. एवढं दाबून लिहिलं की टोक मोडलं.

हे कधी माझ्या मागे येऊन उभे राहिले होते, मला कळलं नाही.

"साडेछत्तीस म्हणालीस ना?"

मी वळून यांच्याकडे बघितलं. माणसाला अशी बातमी कळली तर तो हसेल, निदान डोळे तरी मोठे करील. यांचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"बोला. बऱ्या बोलाने बोला."

हे खुर्चीत बसले. "सकाळी तू बाजारात जातेस ना, तेव्हा मी वर पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येतो. आधी चारदा थांबायला लागायचं. आता एकदाच थांबतो."

"आणि मला रोज 'आहे तसंच'?"

"तुला जायचं होतं."

"मग?"

"फरक पडला म्हणालो असतो तर तू राहिली असतीस. एका शब्दाने बोलली नसतीस. तुझं ते तोंड बघितलंय मी या चार महिन्यांत. खिडकीत बसतेस आणि खाली बघतेस, कुणी कापड घेऊन येतंय का. म्हटलं, असू दे. आपलं काय राहिलंय?"

"आपलं काय राहिलंय! म्हणजे मला खिडकी मिळावी म्हणून तुम्ही खाली जाऊन धूळ खात मरणार होता? असल्या उपकाराची कुणी भीक मागितली होती तुमच्याकडे? लाज नाही वाटली? एवढा कसला मोठेपणा मिरवायचा होता? मी जन्मभर तुमच्या शर्टांची बटणं लावली, ती काय विधवा व्हायला?"

मी एवढ्या जोरात ओरडले की उतारावरच्या शेजारणीने खिडकी उघडून वर बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा इथं कुणी माझ्यासाठी खिडकी उघडली.

"झालं का बघून?" मी तिला विचारलं. तिने खिडकी लावून घेतली.

माझ्या हाताला यांचा हात लागला तो मी झटकला. रडू येत होतं आणि यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं. मी टेबलापाशी गेले, मुलाने बोट ठेवलं होतं तिथं दोन्ही सह्या ठोकल्या. दुसऱ्या सहीला कागद फाटला थोडा.

संध्याकाळी मुलगा आला, कागद बघितला, आणि त्याचा चेहरा खुलला. "आई, मला माहीत होतं, तुला पटेल—"

"तुला काही माहीत नव्हतं. कागद उचल आणि हात धुऊन ये."

तो हात धुवायला गेला तेव्हा मी फटाफटला फोन लावला.

"ताई! कधी येताय?"

"वही-पेन्सिल घे."

"अहो, पण येणार कधी?"

"घेतलीस का? लिही. बेकरीवाला. पोट बेचाळीस. कमी झालंय म्हणेल, ऐकू नकोस. पोस्टमनची बायको, कोटाला आतून डावीकडे एक खिसा लागतो. कशाला म्हणून विचारायचं नाही. आणि टीप दोनदा मार, तुझ्यासारखी एकदा नको."

"ताई, जरा सावकाश. लिहितेय मी."

फटाफट मला सावकाश म्हणत होती! पलीकडून तिचं नाक ओढल्याचा आवाज आला. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"मुख्याध्यापिका. खांदा साडेचौदा. डावा खांदा अर्धा इंच खाली आहे, आतून पट्टी घाल. पण तिला बोलू नकोस."

"का?"

"तिला वाटतं, तिचे दोन्ही खांदे सारखे आहेत. एकोणतीस वर्षं मी तिला तसंच वाटू दिलंय."

पलीकडे पेन्सिल थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

"लिहिलं, ताई. पुढचं?"

पुढचं पान यांचं होतं. ते सोडून मी त्याच्या पुढचं उघडलं.