ताईची राहिलेली पाच पानं

मित्रांनो, शाळेच्या पाटीएवढा, काळा आणि आता कोपऱ्यांवर झिजून पांढरा पडलेला असा मी एक टॅबलेट आहे, चित्रं काढायचा. मला स्वतःचा पडदा नाही. माझ्यावर पेन टेकवलं की रेघ समोरच्या संगणकावर उमटते. मला ती दिसत नाही, फक्त हाताचा भार कळतो. बाकीचं मी ऐकलेलं सांगतो आहे.

कारखान्यात एका बाईंनी माझे चारही कोपरे दाबून पाहिले, "चालतोय" म्हणाल्या आणि मला खोक्यात घातलं. माझ्या जन्माबद्दल एवढंच सांगण्यासारखं आहे.

मला विकत घेतलं ताईनं. सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोघी बहिणींची कामाची खोली होती. ताई चित्रं काढायची, धाकटी अक्षरं मांडायची. ताईचा हात जड.

"अगं, टेबल खचेल," धाकटी म्हणायची.

"खचू दे. रेघ घाबरट नको."

नऊ वर्षं मी तो हात सोसला. नवे टॅबलेट आले, पण ताईनं मला बदललं नाही. "याला माझा हात माहीत आहे," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. कौतुक म्हणून मला तेवढं पुरलं.

चित्रांचं सॉफ्टवेअर मात्र वर्गणीचं होतं. वर्गणी भराल तोवरच ते चालायचं. खातं ताईच्या नावावर होतं आणि धाकटीही त्यातच काम करायची.

शेवटचं काम मुलांच्या हॉस्पिटलचं. तिथल्या मोठ्या सिस्टर आल्या होत्या. "ऑपरेशनच्या दारापाशी आईचा हात सोडवावा लागतो हो. दाराच्या आत काय असतं ते मुलांना आधी दाखवा." सोळा पानांचं पुस्तक ठरलं. ताईनं अकरा पानं काढली. मग एका मंगळवारी रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं आणि ताई गेली.

धाकटीनं मला पुसलं आणि माझी केबल काढली. पुढे चार महिने माझ्यावर पाकिटं साठली, चहाचे कप आले. केबल नसली की मला भार कळत नाही. धाकटीचंही बहुतेक तसंच झालं होतं. फोनवर सगळ्यांना एकाच आवाजात सांगायची, "हो, बरी आहे. हो, जेवले."

मग सिस्टरांचा फोन आला. "विचारू की नको असं झालंय मला. पण मुलं येतच आहेत गं."

धाकटीनं कप उचलले आणि केबल लावली. संगणकावर वर्गणी संपल्याची सूचना आली होती. ताईची पानं तिथंच होती, पण उघडत नव्हती. तिनं कंपनीला फोन लावला.

"मॅडम, आम्हाला खातेदाराशीच बोलावं लागेल."

"ती वारली."

"समजलं मॅडम. मग त्यांच्या मोबाईलवर आलेला नंबर सांगा."

"मोबाईल तिच्याबरोबरच फुटला."

"मग खातेदाराशीच बोलावं लागेल."

"बरं," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला. आवाजसुद्धा चढवला नाही.

दोघींची कामं छापणारे छापखान्याचे काका भेटायला आले. "तुझ्या नावानं नवी वर्गणी भर की."

"आणि माझ्यामागे कोण फोन करत बसणार?"

काका म्हणाले, "मी दोन वर्षांपूर्वी फुकटच्या सॉफ्टवेअरवर आलो. नुसतं फुकट नाही, खुलं आहे ते, खातंबितं लागत नाही. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय. आधी मीही नाक मुरडायचो."

"ताईच्या फायली उघडतील?"

"उघडतील. जशाच्या तशा नाही."

उघडल्या. ताईची चित्रं आली, पण अक्षरांचा चुराडा झाला होता. जोडाक्षरं तुटून एकमेकांवर पडली होती.

"अरेरे," काका म्हणाले.

"असू दे. ती माझी आहेत. परत लावीन."

महिनाभर ती अक्षरं लावत होती. मग बाराव्या पानाला हात घातला. पण मित्रांनो, नव्या सॉफ्टवेअरला माझा भारच कळत नव्हता. हलकं टेकवा नाहीतर जोरात दाबा, रेघ एकाच जाडीची यायची. धाकटीनं दोन आठवडे तशीच चित्रं काढली. तिला काही फरक पडत नव्हता.

काकांनी पाहिलं. "ही रेघ अशी मेल्यासारखी..." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. मग खुर्ची ओढून सेटिंग शोधत बसले. एका चौकटीत खूण करायची राहिली होती.

"आता दाब. अजून. अगं दाब की!"

तिनं दाबलं. पेन माझ्यावर करकरलं. मग ते हातातून सुटलं आणि धाकटी खिडकीशी जाऊन उभी राहिली. बराच वेळ खालून कुणीतरी चाकात हवा भरत असल्याचा आवाज येत होता. मग ती परत येऊन बसली. दोन आठवड्यांचं काम तिनं पुसून टाकलं.

तिचा हात ताईसारखा झाला नाही. तो हलकाच राहिला.

"बारापासून हात बदललेला कळतोय," काका म्हणाले.

"कळू दे."

पुस्तक छापलं गेलं. महिन्याभरानं सिस्टर खोलीवर आल्या. "एक मुलगी विचारत होती, पुढच्या पानांवरच्या सिस्टर एवढ्या हळू का चालतात?"

"रडायची थांबली का मुलं?" धाकटीनं विचारलं.

"रडतात अजून. पण दारातून आपल्या पायांनी जातात."

धाकटी "हं" म्हणाली आणि तिनं पेन उचललं.

मित्रांनो, माझा एक कोपरा आता बधिर झाला आहे. धाकटी तो टाळून काम करते. रोज सकाळी ताईची एक जुनी फाईल उघडते आणि कोणालाही उघडता येईल अशा रूपात साठवते. काही उघडतच नाहीत. त्यांची नावं ती वहीत लिहून ठेवते. तुम्हीही चित्रं काढाल, गाणी कराल. ती अशी ठेवा, की तुम्ही नसतानाही घरातल्या माणसाला बघता येतील. कुठं ठेवलीत, तेही एकाला तरी सांगून ठेवा.

आजच्या फाईलला ताईनं 'टाकून दे' असं नाव दिलं होतं. धाकटीनं ते मोठ्यानं वाचलं आणि फाईल साठवली.