रूल्फीनच्या गाडीची चेन

माझी आई, रूल्फीन, मंगळवारी सकाळी गेली. दुपारी मागचं दार वाजलं. बाबांनी उघडलं तर बाहेर हिल्बर्टकाका उभे. काळा कोट, टोपी हातात.

वीसेक वर्षांत त्यांनी आमच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. दोन घरांमध्ये नुसतं झुडपांचं कुंपण. त्यांचा कोंबडा आरवला की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं, आमच्याकडे कांदा परतला की त्यांना वास जातो. पण माणसं एकमेकांशी बोलत नव्हती.

"वीखर्ट," ते बाबांना म्हणाले, "पहिला शेजारी मी आहे."

बाबा बाजूला सरले. "ये."

आमच्या ड्रेंथ प्रांतातल्या खेड्यांत घरात मरण आलं की घरच्यांनी बसून राहायचं आणि शेजाऱ्यांनी उठायचं. पहिला शेजारी कोण, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. दारोदार निरोप त्याने सांगायचा, शवपेटी उचलायला माणसं त्याने बघायची, खुर्च्या, कॉफी, मनुकांचा पाव, सगळं त्याच्याकडे. अबोला असला तरी. पण अबोला धरलेला माणूस खरोखर येतो का, हे मी आजवर पाहिलं नव्हतं.

ते टेबलाशी बसले, कोट मात्र काढला नाही. शुक्रवार ठरला. खांदेकरी कोण, चर्चमधली घंटा कोण वाजवणार, सगळं त्यांनी विचारलं. आईचं नाव एकदाही घेतलं नाही. 'ती' म्हणत होते.

"शवपेटीच्या पुढे आईची मोटरसायकल असेल," मी म्हणाले. "मी चालवणार आहे. आस्सेन शहरातून तिचे मोटरसायकलवाले मित्र पण येणार आहेत."

बाबा टेबलावरच्या मेणकापडाची चौकट बोटाने गिरवत बसले. हिल्बर्टकाका उठले.

"ते तुमचं तुम्ही बघा, यान्तीन," ते म्हणाले आणि निघून गेले.

आमच्यात भांडण असं कधी झालंच नव्हतं. लामर्ट हा हिल्बर्टकाका आणि आल्त्येकाकूंचा एकुलता एक मुलगा. आई शेताशेतांतून आजाऱ्यांना मलमपट्टी करत, इंजेक्शनं देत मोटरसायकलवर फिरायची. गावात मोटरसायकल चालवणारी बाई तीच. लामर्ट तिच्या मागे मागे असायचा. गाडी चालवण्याचं वय झालं, परवाना मिळाला, स्वतःची जुनी गाडी आली. शिकवलं सगळं आईनेच. एका मे महिन्यात दोघं कालव्याच्या रस्त्याने निघाले, तो पुढे, ती मागे, आणि लामर्ट रस्ता सोडून ओकच्या झाडावर आदळला. रुग्णवाहिका येईपर्यंत आई त्याच्याजवळ बसून होती. रुग्णवाहिका आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याच्या अंत्यविधीला पहिला शेजारी म्हणून बाबा कोट घालून तयार होते. हिल्बर्टकाकांनी पलीकडच्या घरातून माणूस बोलावला. आमचा शेजारधर्म त्यांनी नाकारला. आमच्याकडे यापेक्षा मोठा अपमान नाही. त्यानंतर कुणी काही बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती.

गुरुवारी सकाळी मी शेडमध्ये गेले आणि गाडीवरची चादर काढली. आई ऑक्टोबरपासून अंथरुणावर होती. सगळा हिवाळा गाडी तिथेच, छपराला ओल, आणि चेन गंजून लाल झालेली. आस्सेनचे ते म्हातारे गाडीवाले आधी चेनच बघणार, हे मला माहीत होतं. आईही तेच करायची. कुणाची नवीकोरी गाडी आली की सगळे रंग बघायचे, ही मागच्या चाकाशी वाकायची.

गाडी डबल स्टँडवर चढवली, खाली पुठ्ठा टाकला, डब्यात रॉकेल ओतलं. आईचा ब्रश खिळ्यालाच लटकत होता. एका हाताने मागचं चाक फिरवायचं, दुसऱ्याने चेन घासायची. सांगायला सोपं. पण चेन इतकी आखडली होती की दोन-तीन कड्या वाकायलाच तयार नव्हत्या. दात्यांवर आल्या की कटकन उडायच्या. चाक फिरवायला जोर लावला की गाडी डुलायची, आणि ब्रश धरला की चाक थांबायचं. गुडघे गारठले, बाह्या कोपरापर्यंत काळ्या झाल्या. शेवटी मी वैतागून किल्ली लावली. म्हटलं, गिअरमध्ये टाकून इंजिनानेच फिरवू चाक.

"बंद कर ते!"

हिल्बर्टकाका दारात उभे होते. काखेत चर्चच्या घडीच्या खुर्च्या.

"चालत्या चेनला ब्रश लावणार होतीस? अख्खं आयुष्य मी यंत्रांच्या कारखान्यात काढलंय. एकाची दोन बोटं मी स्वतः रुमालात गुंडाळून डॉक्टरकडे नेलीत. उद्या आईला मूठमाती कशाने देणार, पायाने?"

मी किल्ली काढली. ते खुर्च्या ठेवून जाऊ लागले. मग थांबले. वाकून चेनकडे बघितलं, चुकचुकले.

"एकटीने नाही व्हायचं हे," ते म्हणाले. कोट काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि गाडीच्या पलीकडे उपड्या बादलीवर बसले. "न्यूट्रल आहे ना? मी फिरवतो. तू घास."

चाक हळूहळू उलटं फिरू लागलं. मी वरून, खालून, आतल्या बाजूने घासत गेले. काळं-लाल पाणी पुठ्ठ्यावर ठिबकत होतं.

"रॉकेल आहे की औषध? थेंब थेंब काय घालतेस? ओत की."

"जास्त झालं तर चाकावर जातं, काका."

"मग चाक पुसायचं. तुझी आई काय, अशीच चिक्कू होती का?"

बोलून गेले. 'तुझी आई' असं म्हणाले होते. मी मान वर केली नाही. अडलेली कडी आली की ते चाक थांबवायचे, मी तिच्यावर रॉकेल सोडायचे, आणि ते अंगठ्याने तिला डावी-उजवीकडे हलवत बसायचे, लहान मुलाचं आखडलेलं बोट सोडवावं तसं. एक सुटली. मग दुसरी.

"शेवटी शेवटी ती बोलत होती का?" त्यांनी विचारलं. चाकाकडे बघूनच.

"बोलत होती. शेवटचे दोन दिवस सोडून."

"त्या दिवसाबद्दल?"

"माझ्याशी नाही."

चाक फिरत राहिलं.

"त्याच्याजवळ तीच होती," ते म्हणाले. "पोलिसांच्या कागदात लिहिलं होतं, जनावर आडवं आलं. मी म्हटलं, ही स्वतःला वाचवायला काहीही लिहून देईल. गाव म्हणत होतं, शर्यत लावली असणार दोघांनी. मला तेच खरं वाटलं. मग पुढे पुढे वाटेना. पण जाऊन विचारायचं कसं? दरवर्षी म्हणायचो, या मे महिन्यात विचारू. गेल्या शनिवारी बेकरीत कळलं, तिचं काही खरं नाही. म्हटलं, अजून आठवडा तरी असेल."

त्यांचा हात थांबला. मी ब्रश परत रॉकेलात बुडवला.

"तो बोलला होता, हिल्बर्ट."

बाबा दारात होते. दोन्ही हातांत कॉफीचे कप. कधी आले होते कोण जाणे. या शेडमध्ये ते एरवी यायचेच नाहीत. मोटरसायकलची त्यांना भीती वाटायची, आई घरी परतेपर्यंत खिडकीशी बसणारा माणूस.

"रूल्फीनने मला सांगितलं होतं. त्याच दिवशी, आणि नंतरही पुष्कळदा. तिच्या मनातून ते जात नव्हतं. तुझ्या दारीही आली होती सांगायला."

"मी दार लावून घेतलं."

"हो."

बाबांनी कप कामाच्या टेबलावर ठेवले. मग सांगितलं. आमचे बाबा एका दमात इतकं बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं.

शर्यत नव्हती. लामर्ट सावकाश चालला होता, आईने त्याला निघतानाच तसं बजावलं होतं. कालव्याच्या उतारावरून एक कुत्रं वर आलं आणि थेट त्याच्या चाकासमोर. त्याने हँडल वळवलं. आई पोचली तेव्हा तो गवतात पडला होता, शुद्धीवर होता. त्याने आधी विचारलं, कुत्र्याला लागलं का? आई म्हणाली, नाही रे, ते बघ, शेतातून पळतंय. त्याने मान उचलायला घेतली, तिने हेल्मेटला हात लावून थांबवलं. मग म्हणाला, थंडी वाजतेय. तिने आपलं जाकीट काढून त्याच्यावर घातलं आणि हात हातात घेऊन बोलत बसली, काहीबाही, त्यांच्या घरच्या कोंबड्यांबद्दलसुद्धा. तो एकदा हसला. पुढे तो उत्तर देईनासा झाला, तरी ती बोलतच राहिली.

"दुखत होतं त्याला?" हिल्बर्टकाकांनी विचारलं.

"मीही तेच विचारलं होतं. म्हणाली, नाही. नुसती थंडी."

"माझ्यासाठी म्हणतोयस का हे?"

"तिने माझ्यासाठी म्हटलं असेल तर मला माहीत नाही. मला सांगितलं ते असं."

हिल्बर्टकाका चाकाला धरून उठले. कॉफीकडे पाहिलंही नाही.

"कुत्र्यासाठी," ते म्हणाले. मग एकदम, "आल्त्येला सांगतो," आणि तेलकट हातांनी, बिनकोटाचेच, कुंपणाकडे चालू लागले.

बाबा पलीकडे जाऊन त्याच बादलीवर बसले. "कसं फिरवायचं हे?"

"मागच्या बाजूला. हळू. बोटं चेनपासून लांब."

त्यांनी टायर असा धरला की जणू चावेल. चेन कोरड्या फडक्याने पुसली तेव्हा गंजाखालचा धातू दिसू लागला. सगळीकडे नाही, पण बराच. ती वाळू दिली. मग आईची तेलाची नळी घेऊन मी खालच्या बाजूने, आतून, कडीकडीवर तेल सोडत गेले आणि बाबा चाक फिरवत राहिले. आधी करकर होती, मग नुसती टिकटिक. बाबांनी चाक थांबवून ऐकलं, परत फिरवलं.

जास्तीचं तेल पुसत होते तेव्हा आल्त्येकाकू आल्या. कुंपणातून वाट नाही. म्हातारी बाई झुडपं बाजूला सारून सरळ आत आली होती, स्वेटरला पानं चिकटलेली.

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, वीखर्ट," त्या म्हणाल्या. "हा धड सांगतच नाहीये. रडतोय नुसता."

बाबांनी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. काकू उभ्यानेच ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "कसलं होतं कुत्रं?"

"तपकिरी. लहानसं. कुणाचं होतं ते काही कळलं नाही."

"लहान होतं." त्यांनी मान हलवली. "तो लहान असतानाही तसाच होता. गोगलगाय उचलून बाजूला ठेवायचा, आणि शाळेला उशीर." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुझी आई गाडी कधी दारातून सुरू करायची नाही. वळणापर्यंत ढकलत न्यायची. पावसात, बर्फात. आवाज माझ्या कानावर पडू नये म्हणून. मी पडद्याआडून बघायचे. एकदा जरी खिडकी उघडून म्हटलं असतं, अगं बाई, पुरे आता."

मला हे माहीत नव्हतं. बाबांना होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

काकूंनी खुर्चीवरचा नवऱ्याचा कोट उचलला, झटकला, हातावर घेतला. जाताना बाबांच्या खांद्याला जरासा हात लावला.

शुक्रवारी वारा होता, ऊन होतं. सहा शेजाऱ्यांनी शवपेटी बाहेर आणली. पुढे डावीकडे हिल्बर्टकाका. नखांत अजून काळं होतं, सगळ्यांना दिसत होतं. मी पायी चालण्याच्या वेगाने गाडी काढली, क्लच धरून धरून मनगट दुखायला लागलं. मागे आस्सेनच्या गाड्यांची घरघर. त्यांच्यातला एक पांढऱ्या मिश्यांचा गृहस्थ चर्चपाशी खरोखरच मागच्या चाकाशी वाकला, बोटाने चेन खालून उचलून बघितली, आणि हेल्मेट काढून काखेत धरलं.

कबरीत माती टाकायची वेळ आली तेव्हा हिल्बर्टकाकांनी दोनदा टाकली. एकदा टाकून बाजूला झाले होते, परत आले. नंतर सभागृहात कॉफी ओतत फिरले. कुणी काही विचारलं की "पाव घ्या, पाव घ्या" एवढंच. आल्त्येकाकू बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या, आणि त्या बसल्या हे गावाने पाहिलं.

बाबा आणि हिल्बर्टकाका मित्र झाले असं मी म्हणणार नाही. वीस वर्षं काही एका सकाळीत धुऊन निघत नाहीत. रविवारी काका येतात, पहिल्या शेजाऱ्याने विधुराकडे बघायचं असतं म्हणून; दोघं टेबलाशी बसून बटाट्यांबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि बाकीचा वेळ गप्प. एकदा मी तिथे असताना काका मधेच म्हणाले, "मी दार लावलं ते चुकलंच." बाबा म्हणाले, "हो, चुकलं." आणि त्यांना आणखी कॉफी ओतली.

जून महिन्यात आल्त्येकाकू बाबांना घेऊन कालव्याच्या रस्त्याला गेल्या, सायकलींवरून. त्या इतकी वर्षं त्या रस्त्यालाच फिरकल्या नव्हत्या. बाजाराला जायचं तर लांबचा वळसा. आई कुठे बसली होती, लामर्टचं डोकं कुठल्या बाजूला होतं, कुत्रं कुठून वर आलं, सगळं बाबांनी दाखवलं, जेवढं आईने त्यांना दाखवलं होतं तेवढं. संध्याकाळी काकूंनी मला माझ्या घरी फोन केला. वारा फार होता म्हणाल्या, परतताना बाबांची दमछाक झाली, त्यांना सूप दिलंय.

"आणि काकू, तुम्ही?"

"मी तिथे गवतात थोडी बसले," त्या म्हणाल्या. "छान जागा आहे गं. पाणी दिसतं."