रफूवालीचा डावा डोळा

मी एक जुना जिवाणू आहे. एकट्याचे आयुष्य म्हणाल तर काही तासांचे. पण आमच्यात बाप कुठे संपतो आणि लेक कुठे सुरू होतो हे कळत नाही, म्हणून साऱ्या घराण्याच्या वतीने 'मी' म्हणतो. मित्रांनो, नाक मुरडू नका. आतड्यात राहतो म्हणून तुम्ही मला घाण समजता. तुमच्याबद्दल माझेही मत फारसे बरे नाही.

मी एका रफूवालीच्या पोटात होतो. रंगाला रंग जुळवून ती कोटाचे भोक असे बुजवायची, की मालकालाही जागा सापडत नसे. आत मी चोथा पचवायचो, आतड्याच्या भिंतीला खुराक पुरवायचो आणि भिंतीमागच्या पहारेकरी पेशींना शांत ठेवायचो. चाळीस वर्षांत मला कोणी शाबास म्हटले नाही.

मग दाजींनी, म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याने, वैद्यकी सुरू केली. हा निवृत्त कारकून घरोघरच्या उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात साठवायचा. असला उंटावरचा शहाणा मी दुसरा पाहिला नाही.

"घसा दुखतोय? ही घे, तीन दिवस."

"डॉक्टरांना विचारू का, दाजी?"

"डॉक्टर तरी वेगळं काय देणार?"

एका हिवाळ्यात असे चार वेळा झाले. घशाला गुण आला की नाही कोण जाणे, त्या जंतू मारणाऱ्या गोळ्यांनी माझे घराणे मात्र पाचोळ्यासारखे झडले. रिकाम्या जागेत दांडगट उपरे घुसले. भिंत झिरपू लागली. पहारेकरी मुळातच अर्धवट. आपला कोण, परका कोण हे न बघता ते रक्तातून धावत सुटले. डोळ्याला आग त्यांनीच लावली का, हे मी शपथेवर सांगणार नाही. मी भिंतीच्या अलीकडचा. पण महिन्याभरात तिचा डावा डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड टोचू लागला.

"डोळे आलेत," दाजींनी ठरवून टाकले आणि शेजारणीचे उरलेले थेंब आणून दिले.

तीन आठवडे ती ते थेंब घालत, पडदा ओढून काम करत राहिली. एक दिवस गिऱ्हाइकाने आपला काळा कोट उजेडात धरला. रफूचा धागा गडद निळा होता.

"बाई, हे तुमचं काम नाही," तो हळूच म्हणाला.

ती तशीच उठून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी डोळा यंत्रातून बराच वेळ तपासला. पोट, सांधे, गोळ्या, सगळे विचारले.

"डोळे आलेले नाहीत. डोळ्याला आतून सूज आहे."

"पोटामुळे?"

"आतड्यातल्या जिवाणूंचा याच्याशी संबंध असावा, असा अभ्यास चालू आहे. तुमचं तसंच झालं, हे मी नाही सांगू शकत. तीन आठवडे उशीर झाला, एवढं सांगू शकते."

औषधांनी सूज उतरली. डाव्या डोळ्यापुढचे धुके मात्र पुरते गेले नाही. काळे कापड ती आता परत पाठवते.

दाजी भेटायला आले. "थेंब नीट घातले असतेस, तर ही वेळ आली नसती," असे म्हणाले. वडीलधाऱ्यांना कधी उलट न बोललेल्या त्या बाईने दार उघडून धरले.

"दाजी, या आता."

दाजींबरोबर आलेली बहीण बाजूलाच उभी होती. तिने नवऱ्याची चप्पल तेवढी पुढे सरकवली.

मित्रांनो, मी आता मूठभर उरलो आहे, आणि तुमच्यापुढे पदर पसरण्याइतका खाली आलेलो नाही. माझे काय व्हायचे ते होईल. पण डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उरलेल्या गोळ्या वाटणारा एखादा शहाणा तुमच्याही घरात असेलच. त्याला वाकून नमस्कार करा, आणि हात मात्र पुढे करू नका.